विचारणाऱ्या आणि लिहून ठेवणाऱ्या

(जऊळका, जि. वाशीम येथे बचत गटांतील स्त्रिया आणि आशा कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सोयाबीन घरात येऊन पडलं आहे, तूर अजून शेतात उभी आहे. अशा मधल्या दिवसांत तुम्ही दुपारचा वेळ काढून आलात. तो वेळ वाया जाऊ नये एवढीच माझी धडपड.

मला विषय दिला होता, 'औषधशास्त्रातील थोर संशोधक'. विषय ऐकून मीच आधी घाबरले. मी काही संशोधक नाही. मी औषधनिर्माता. तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून गोळ्या दिल्या. एक सकाळी, एक रात्री, जेवणानंतर. हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल! पण या गोळ्या कोणी शोधल्या, कोणाला देऊन पाहिल्या, हे मला खिडकीतून कधी कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगते, मीही स्वतःला फारसं विचारलं नाही. ते का विचारायला हवं, हे मला माझ्याच घरातल्या एका गोष्टीनं शिकवलं. तिथूनच सुरुवात करते.

२०२० चं साल तुम्हाला आठवतं. टाळेबंदी, तोंडाला फडकी, आणि घरोघरी काढा. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या अंगणात कडुलिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली आहे. त्या रोज सकाळी वेलाचा तुकडा ठेचून उकळायच्या आणि घरातल्या साऱ्यांना पाजायच्या. बाकीच्यांनी आठ-पंधरा दिवसांत कंटाळून सोडलं. उरलेलं टाकायचं कशाला, म्हणून जाऊबाई पीत राहिल्या. घरातलं उरलंसुरलं बाईच्याच पोटात जातं, तसा काढाही गेला. चार-पाच महिने.

दिवाळीनंतर त्यांचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना. खाजगी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दारू? नाही. काही गोळ्या चालू? नाही. जाऊबाईंनी काढ्याचं नाव घेतलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. 'हे तं बांधावरच्या येलाचं हाय, यानं काय होते?' असं त्या नंतर मला म्हणाल्या. संसर्गाच्या काविळीच्या तपासण्या केल्या, त्यांत काही निघालं नाही. दवाखान्यात ठेवल्यामुळे काढा आपोआप बंद झाला. दोन महिन्यांत त्या बऱ्या झाल्या आणि आम्ही विसरून गेलो.

पुढे २०२१ मध्ये पेपरात बातमी वाचली. मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात यकृताला सूज येऊन आलेले सहा जण, आणि सहाही जणांनी गुळवेल घेतलेली. बातमी वाचून मी तशीच बसून राहिले. मी औषधनिर्माता. त्या घरची सून. रोज तो काढा उकळताना पाहिलेली. तरी मी विचारलं नाही, 'जाऊबाई, किती दिवस घेता आहात?' आणि कुठे लिहूनही ठेवलं नाही.

आज कोणी मला विचारलं, ती कावीळ गुळवेलीनंच झाली का, तर मी सांगू शकत नाही. झालीही असेल, नसेलही. ज्या वेळी नोंद करायची त्या वेळी ती झाली नाही. म्हणून आता ते कोणालाच सांगता येणार नाही. हे माझ्या मनाला लागलेलं आहे.

आता याच गुळवेलीची दुसरी गोष्ट ऐका.

मुंबईत परळला केईएम हे महापालिकेचं रुग्णालय आहे. आपल्याकडचेही पेशंट तिथे जातात. तिथे औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर होत्या. तुमच्यापैकी कोणी वाचनालयात 'फुलवा' किंवा 'वृक्षगान' ही पुस्तकं पाहिली असतील, त्या याच. झाडाफुलांवर मराठीत इतकं गोड लिहिणारी बाई दिवसभर प्रयोगशाळेत त्याच झाडांची कठोर परीक्षा घेत असे. शिक्षण ॲलोपॅथीचं. त्या काळात ॲलोपॅथीच्या प्राध्यापकानं आयुर्वेदाच्या वनस्पतीवर काम करायचं म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची तयारी हवी. एक बाजू म्हणणार, पाल्याच्या मागे काय लागलात? दुसरी म्हणणार, हजारो वर्षांच्या ज्ञानाची परीक्षा घेणाऱ्या तुम्ही कोण? डहाणूकरांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, तपासून पाहू. केईएममध्ये त्यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं. डॉ. उर्मिला थत्ते यांच्यासह १९८९ मध्ये 'आयुर्वेद रिव्हिजिटेड' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. आज डहाणूकर हयात नाहीत, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बायकांनी ते काम पुढे नेलं.

त्यांतल्या एक डॉ. निर्मला रेगे. १९९३ मध्ये रेगे, डहाणूकर, शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताची वाट बंद होऊन कावीळ झालेले तीस रुग्ण. अशा माणसांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि ऑपरेशननंतर रक्तात विष पसरून ती दगावतात. या तीस जणांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाणार ते डॉक्टरांच्या मर्जीनं ठरलं नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय गुळवेल. तीही मोजून, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ८०० मिलिग्रॅम.

काय झालं? पहिल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणं दिसली. गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. ऑपरेशननंतर पहिल्या गटातले ४० टक्के वाचले, दुसऱ्यातले ९२ टक्क्यांहून जास्त. तीस माणसं म्हणजे फार नव्हेत, यावरून साऱ्या जगाला सांगत सुटता येत नाही. पण काम मोजून, नोंदून, तुलना करून झालेलं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, आता हे काय? एकदा सांगता गुळवेलीनं यकृताला सूज आली, एकदा सांगता गुळवेलीनं काविळीचे रुग्ण वाचले. खरं कुठलं?

दोन्ही खरं असू शकतं. केईएममध्ये ती मोजून दिली, ठरावीक दिवस दिली, विशिष्ट आजाराच्या माणसांना दिली आणि रोज त्यांच्याकडे पाहायला माणसं होती. २०२० मध्ये आपण घरोघर अंदाजानं घेतली, महिनोन् महिने घेतली आणि पाहायला कोणी नव्हतं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. शरीराची प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच यकृतावर चालून जावी, तशी चिन्हं अनेकांत दिसली. आयुष मंत्रालयानं यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखाच दिसणारा दुसरा वेल लोकांनी घेतला असेल, असं त्यांचं म्हणणं. तोही प्रश्न रास्तच आहे. पण मग वेल नीट ओळखला का, हे विचारायलाही कोणीतरी हवं ना!

औषधशास्त्र म्हणजे फार्माकॉलॉजी. नाव जड आहे, पण सारं शास्त्र चार-पाच प्रश्नांवर उभं आहे. कुठलं औषध? किती? किती दिवस? कोणाला? आणि घेतल्यावर काय झालं? थोर संशोधक म्हणजे हे प्रश्न न कंटाळता विचारणारी आणि उत्तरं लिहून ठेवणारी माणसं. आपल्या आज्या-पणज्यांनी पहिल्या भागाचं काम केलेलंच आहे. वनस्पती त्यांनी ओळखल्या, वापरल्या, कोणाला मानवते कोणाला नाही हे पाहिलं. पण त्यांच्या हाती पाटी-लेखणी नव्हती, म्हणून त्यांचं पाहणं त्यांच्याबरोबर गेलं.

सर्पगंधेचं पाहा. बिहारकडे वेड लागलेल्याला शांत करायला ती मुळी देत असत. १९४९ मध्ये केईएममध्येच काम केलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन काय झालं ते इंग्लंडच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. त्या लेखानं जगाचं लक्ष सर्पगंधेकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं आणि बीपीच्या आरंभीच्या गोळ्यांपैकी एक तयार झाली. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पुढे नोंदी साठत गेल्या, तेव्हा जास्त मात्रेत या औषधानं काही रुग्णांचं मन खचतं हेही दिसलं आणि मात्रा कमी केली गेली. म्हणजे औषध सापडल्यावरही लिहिणं थांबवायचं नसतं.

केईएमच्याच डॉ. नीलिमा क्षीरसागर. बुरशीच्या जीवघेण्या आजारावर ॲम्फोटेरिसिन नावाचं औषध आहे. ते बुरशी मारतं आणि मूत्रपिंडालाही मारतं. क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी ते औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बसवून कमी त्रासाचं कसं करता येईल यावर काम केलं, रुग्णांवर चाचण्या केल्या, आणि भारतात तयार झालेलं असं औषध बाजारात आलं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीची साथ आली तेव्हा याच प्रकारच्या औषधासाठी लोक गावोगाव वणवण फिरत होते, ते आठवा. क्षीरसागर पुढे केईएमच्या अधिष्ठाता झाल्या. महापालिकेच्या एका रुग्णालयाच्या एका शाखेत इतक्या बायका पुढे आल्या, ही साधी गोष्ट नाही. त्यांची नावं आपल्या शाळेच्या भिंतीवर कुठे दिसतात का, सांगा बरं!

आता जरा लांब जाते, अमेरिकेत. १९३६ मध्ये फ्रान्सिस ओल्डहॅम नावाच्या मुलीनं शिकागोच्या एका औषधशास्त्राच्या प्राध्यापकांकडे कामासाठी अर्ज केला. उत्तर आलं, जागा दिली आहे, आणि पत्रात 'मिस्टर ओल्डहॅम'. नावावरून त्यांना तो मुलगा वाटला होता! नाव उघड बाईचं असतं तर जागा मिळाली असती का, असा प्रश्न तिला पुढेही पडत राहिला. तिनं १९३८ मध्ये तिथेच डॉक्टरेट मिळवली. लग्नानंतर ती केल्सी झाली. १९६० मध्ये ती सरकारच्या औषध खात्यात लागली आणि पहिल्याच काही कामांत थॅलिडोमाइडची फाइल तिच्या टेबलावर आली. युरोपात हे औषध झोपेसाठी, गरोदर बायकांच्या मळमळीसाठी सर्रास विकलं जात होतं. कंपनीला परवानगी लवकर हवी होती. केल्सीबाई म्हणाल्या, पुरावा अपुरा आहे. कंपनी पुन्हा आली. पुन्हा तेच उत्तर. वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. बाई हटल्या नाहीत.

मधेच त्यांच्या वाचनात एक छोटं पत्र आलं. स्कॉटलंडमधल्या टरिफ नावाच्या लहान गावातल्या एका साध्या डॉक्टरनं वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलं होतं, की हे औषध बरेच दिवस घेणाऱ्या माझ्या चार रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, हे औषधामुळे तर नसेल? फक्त चार रुग्ण! पण केल्सीबाईंनी त्यावरून विचारलं, ज्यानं मोठ्या माणसाच्या नसा बिघडतात ते पोटातल्या गर्भाचं काय करेल? कंपनीकडे उत्तर नव्हतं. १९६१ च्या अखेरीस जर्मनीतून बातमी आली. हातपाय नसलेली, अपुरे असलेली बाळं जन्मत होती. जगभर दहा हजारांहून जास्त. अमेरिकेत हे औषध विक्रीला आलंच नव्हतं, म्हणून तिथली कितीतरी घरं वाचली. १९६२ मध्ये तिथला कायदा बदलला. औषध खरंच गुण देतं याचा पुरावा द्यायचा आणि चाचणीतल्या माणसाची संमती घ्यायची, हे कायद्यात आलं.

एका गावच्या डॉक्टरनं चार माणसांचं लिहून ठेवलं आणि एका बाईनं ते गांभीर्यानं वाचलं. यात मोठं यंत्र नव्हतं, पैसा नव्हता.

पण मैत्रिणींनो, या शास्त्राची दुसरी बाजू आपण विसरायची नाही. संशोधन करणाऱ्या खुर्चीत बाई क्वचित बसली, पण जिच्यावर प्रयोग होतो त्या बाकावर ती नेहमी होती. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पटनचेरूच्या आरोग्य केंद्रात गरीब बायकांना नेट-एन हे संततिनियमनाचं इंजेक्शन देण्याची चाचणी सुरू झाली. ही चाचणी आहे, याचे दुष्परिणाम काय, हे त्यांना धड सांगितलेलं नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं ते उघडकीस आणलं आणि १९८६ मध्ये इतरांसह सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच काळात पाळी चुकली की बायकांना जास्त मात्रेच्या संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात. गर्भ असला तर त्याला धोका. बायकांच्या आणि आरोग्याच्या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली.

आणि गंमत पाहा, जिथे बाईचा समावेश व्हायला हवा होता तिथून तिला वगळलं. अमेरिकेत १९७७ च्या नियमानं मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवलं. हेतू गर्भाला जपण्याचा, पण परिणाम असा की औषधाची मात्रा बहुतांशी पुरुषांच्या शरीरावरून ठरली. १९९३ मध्ये ते धोरण बदललं. तरी झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीची बायकांसाठीची मात्रा निम्मी करायला २०१३ साल उजाडलं. बाईच्या शरीरातून ती गोळी उशिरा बाहेर पडते. इतकी वर्षं बायका दुप्पट मात्रा घेत होत्या आणि सकाळी सुस्ती आली की त्यांनाच आळशी म्हणत असतील!

म्हणजे दोन्हीकडून आपल्याला न विचारताच ठरवलं गेलं. म्हणून डॉ. उर्मिला थत्ते यांच्यासारख्या बाईनं पुढे संशोधनातल्या नीतिनियमांसाठी आणि एथिक्स कमिट्यांसाठी काम केलं, त्याचं मला मोल वाटतं. औषध शोधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ज्याच्यावर ते तपासायचं त्याला माणूस म्हणून विचारणंही.

आता जऊळक्याला परत येते. आपण काय करायचं?

इथे आशाताई बसल्या आहेत. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात 'अंतरा' इंजेक्शन आलं आहे, दर तीन महिन्यांनी घ्यायचं. ते घेऊ नका असं मी अजिबात सांगत नाही. कितीतरी बायकांना ते सोयीचं पडतं, घरात कोणाला न सांगता घेता येतं. पण आधी सांगा, की पाळी अनियमित होऊ शकते, अंगावर जाऊ शकतं किंवा पाळी थांबूही शकते. जिला हे आधी कळतं ती नंतर घाबरत नाही. जिला कळत नाही ती रात्रभर रडते, की मला काय झालं.

दुसरं, डॉक्टरांनी 'काही औषध चालू आहे का' असं विचारलं, तर काढा, चूर्ण, मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, शेजारणीनं दिलेली पुडी, सगळं सांगा. जे पोटात जातं आणि अंगावर परिणाम करतं ते औषध. मग ते बांधावरचं असो की कंपनीचं.

तिसरं, बचत गटाच्या वहीत आपण रुपया न् रुपया लिहितो. हिशेब चुकला तर बैठक थांबवतो. तशीच एक पानभर जागा औषधासाठी ठेवा. कोणतं औषध, कधी सुरू केलं, किती, काय त्रास झाला, कधी थांबवलं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीनं लिहावं. आणि जिचं तिला विचारूनच लिहावं, तिची गोष्ट गावभर करायला नव्हे.

चौथं, औषधानं त्रास झाला असं वाटलं तर ते कळवायची सरकारी सोय आहे. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम चालतो. त्याचा बिनपैशाचा फोन आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरच कळवू शकतात असं नाही, आपणही कळवू शकतो. त्याचा फॉर्म मराठीतही आहे. औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी आपली नाही. संशय आहे एवढं पुरे. तपासायचं काम त्यांचं.

मी नोकरीत असताना हे सारं मला ठाऊक होतं. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होते. तरी घरच्या बाईचा फॉर्म मी भरला नाही, कारण घरच्या बाईचं दुखणं हे लिहिण्यासारखं काही आहे, असं मलाच वाटलं नव्हतं. बाहेरच्या व्यवस्थेवर मी खूप बोलू शकेन, पण ही चूक माझी आहे, म्हणून ती तुमच्यासमोर सांगितली.

मागच्या वर्षी जाऊबाईंकडे गेले होते. कडुलिंबावर वेल तसाच आहे. त्यांच्या नातीनं, नववीतल्या पोरीनं, वेलाचं पान वहीत चिकटवून त्याखाली नाव लिहिलं होतं आणि आजीला विचारत होती, 'आजी, तू किती दिस पेली व्हतीस?' जाऊबाई बोटं मोजत होत्या, पोरगी लिहीत होती.

मला जे चार वर्षांपूर्वी करता आलं नाही, ते ती पोर करत होती. तिनं पुढे केईएमला जावं की न जावं, तिचं ती ठरवेल. पण विचारणं आणि लिहिणं तिनं सोडू नये, यासाठी आपण तिच्या पाठीशी उभं राहायचं. बैठक संपली की वह्या बाहेर काढा, पहिलं पान आजच लिहू.